आमच्या घराण्याचं नाक

हे घडलं २०२२ साली, होळीच्या आदल्या आठवड्यात. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी संक्रांतीनंतर माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, "आजी, आता तुम्हाला सगळं स्वच्छ दिसेल." किती स्वच्छ दिसलं ते पुढं कळेलच.

मी मूळची बेल्ह्याची, दिलेली कळंबला. माझा धाकटा भाऊ कुंडलिक बेल्ह्यातच शेती करतो. सोमवारच्या बैलबाजारात त्याचा मोठा दबदबा. जबडा न उघडता बैलाचं वय सांगायचा. एखादा गोऱ्हा नुसता समोरून चालत गेला तरी म्हणायचा, "ह्यो आळ्याच्या वळूचा. कपाळ बगा त्याचं." दहातल्या आठ वेळा खरं निघायचं. उरलेल्या दोन वेळा मालकच खोटं बोलतोय, असं त्याचं म्हणणं असायचं.

या कुंडलिकला सगळ्यात मोठा अभिमान आपल्या नाकाचा. आमच्या वडिलांचं, म्हणजे दादांचं, नाक मधोमध उंचवटा येऊन डावीकडं झुकलेलं होतं. कुंडलिकचं अगदी तस्संच. दादा गेले तेव्हा हा चाळीस वर्षांचा होता, पण मयतीला आलेली माणसं याच्याकडं बघून दचकत होती. तेव्हापासून ते नाक म्हणजे घराण्याचा शिक्का, असं त्यानं मनाशी धरलं. त्याच्या मुलाचं, पप्पूचं, नाक मात्र सरळ. त्यावरही कुंडलिकचं उत्तर तयार होतं. "आमचं नाक एक पिढी सोडून उतरतं. चांगल्या वाणाचं तसंच असतं."

पप्पू शिकला आणि चाकणला कंपनीत लागला. २०१९ साली त्यानं नवसूच्या प्रांजलशी लग्न केलं, कुणाला न विचारता, रजिस्टर पद्धतीनं.

नवसू आमच्या कळंबचा. वाडवडील मेंढरांमागं फिरणारे. आता त्याची दोन एकर शेती आहे, पण साठ-सत्तर मेंढरं अजून सोडलेली नाहीत. कांदे निघाले की ती मेंढरं दरवर्षी कुंडलिकच्या वावरात खतासाठी बसायला जायची. महिना-पंधरा दिवस नवसूचं बिऱ्हाड तिथंच. कुंडलिक आणि नवसू तीस वर्षं एका बांधावर बसून जेवले. एका ताटात नव्हे, पण एका बांधावर. एकमेकांची तंबाखू न विचारता घेत होते. त्याच वावरात पप्पू आणि प्रांजल लहानपणी कोकरांमागं पळाले, मोठेपणी एकमेकांच्या. तीस वर्षांत हे दोन शहाण्यांना दिसलं नाही. मलाही दिसलं नाही, पण मला तेव्हा मोतीबिंदू होता.

लग्नाचं कळल्यावर कुंडलिकनं मेंढरं बंद केली, तंबाखू बंद केली आणि पप्पूशी बोलणं बंद केलं. तीन वर्षं. माझी भावजय बयाबाई संडासात जाऊन लेकाला फोन करायची. प्रांजलला मुलगी झाली तेव्हा तिनं मला तिथूनच कळवलं. मागं बादली वाजत होती.

"वन्सं, पोरगी झाली. यांना तुमीच सांगा. माझ्या तोंडून निघालं तर घर डोक्यावर घेतील."

मी कुंडलिकला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाक कसं हाय?"

"अरे, बाळंतीण कशी आहे ते विचार."

"आक्के, तू मला शिकवू नको. पोरीच्या तोंडावर आमचं नाक असंल तर मी सोता येऊन दोघींला बेल्ह्याला आणीन. नसंल तर त्यांचं त्यांनी बघावं."

पप्पूला हे कळलं. चाकणला खोली घेऊन राहणारा तीस वर्षांचा माणूस, पण मला म्हणाला, "आत्या, मला त्यांच्याकडून दुसरं काय नको गं. तिला एकदा आपल्या अंगणात रांगू दे." असं म्हणाला आणि मोबाइलमध्ये बघत बसला. मोबाइल बंद होता.

बारसं कुंडलिकसाठी लांबवून सव्वा महिन्यानं, नवसूच्या अंगणात ठरलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी नात वृषाली पुण्याहून वही घेऊन आली.

वृषाली माझ्या थोरल्याची मुलगी. माणसाचं मन लाखो वर्षांत कसं घडत आलं, हा तिचा अभ्यास. मी तिला विचारलं होतं, एवढ्या जुन्या मनाचं आता काय करायचं? ती म्हणाली, तेच तर आपण अजून वापरतोय.

"आजी, बाळ कुणासारखं दिसतं ते बारशाला कोण कोण काय बोलतं, ते मी लिहून घेणार आहे."

"त्यात लिहायचं काय? प्रांजलच्या आईकडची, रतनबाईच्या घरची सगळी म्हणतील बापाकडं गेलंय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुला कसं माहीत?"

"अगं, मुलीकडच्यांनी तसंच म्हणायचं असतं."

"पण का?"

का ते मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिनंच मग सांगितलं. आई कोण हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरतं, बाप कोण ते नुसतं सांगावं लागतं. माणसाचं पोर पाच-सात वर्षं परावलंबी. बापाला ते आपलं वाटलं तर तो शिकार आणणार, राखण करणार. म्हणून ज्या आईकडच्या माणसांनी 'बापाचाच तोंडवळा' म्हटलं, त्यांची पोरं जास्त जगली असावीत, आणि आपण त्यांचे वंशज, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

"म्हणजे आम्ही सगळ्या खोटारड्यांच्या लेकी?"

"खोटं नाही गं. त्यांना खरंच तसं दिसतं. महिन्याभराच्या बाळाचा चेहरा तसा कुणासारखाच नसतो. आपण जे शोधतो ते मन दाखवतं."

"मला नाही दाखवत," मी म्हटलं. "माझं ऑपरेशन झालंय."

बारशाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. मधोमध पाळणा, त्याला फुगे. कार्यक्रम बाराला होता. रतनबाई चुलीपाशी घुगऱ्या शिजवत होती. तिनं दोन पिवळ्या कुंच्या शिवल्या होत्या, एकाच कापडाच्या. एक आपल्या नातीला, श्रेयाला, आणि दुसरी प्रांजलच्या मामेबहिणीच्या दोन महिन्यांच्या स्वराजला. मेंढरांच्या घरची ही रीतच आहे. घरात दोन अंगावरची लेकरं असली तर एकाला नवं आणि दुसऱ्याला जुनं, असं करत नाहीत. दुसरं लेकरू हिरमुसतं म्हणे.

अकराच्या सुमाराला वाडीतली पोरं येऊन रिकामा पाळणा झुलवायला लागली. नव्वदीच्या कुशाबाई मांडवात बसल्या होत्या, त्या ओरडल्या.

"आरं, रिकामा पाळणा हालवत्यात व्हय? लेकराचं पोट दुखतं! आतून बाळ आना गं कुनीतरी, टाका त्यात!"

आत प्रांजल श्रेयाला पाजत होती. एका पोरीनं शेजारी झोपलेला स्वराज उचलला, पाळण्यात टाकला आणि ती घुगऱ्या खायला निघून गेली. कुशाबाईंचं काम झालं. पाळणा रिकामा राहिला नाही.

आणि त्याच वेळी कुंडलिक आला.

त्याला बाराचं आमंत्रण होतं. पण बाजारातला माणूस. त्याचा नियम होता, मालक जनावर धुऊन, शिंगं रंगवून उभं करतो त्याच्या आधी जाऊन बघायचं. म्हणून तो तासभर आधी आला. फेटा बांधलेला, पांढरा कडक सदरा, मागं बयाबाई जवळजवळ पळत. कुणाला रामराम नाही, काही नाही. थेट पाळण्यापाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मांडवातल्या बायका चिडीचूप. पप्पू पाण्याचे जार उतरवत होता. तो जार मांडीवर धरून तसाच थांबला.

स्वराज उजव्या कुशीवर झोपला होता. नाक उशीला दाबलेलं.

कुंडलिक वाकला. डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. बाजारात बघतो तसंच. फक्त शेपटी उचलून बघायची राहिली.

"आक्के," तो हळूच म्हणाला, "इकडं ये. बग."

मी गेले. आता खरं सांगते. श्रेयाला मी त्याआधी आठ वेळा मांडीवर घेतलं होतं. तिच्या उजव्या कानापाशी तीळ आहे तो मला माहीत होता. तरी त्या कुंचीतल्या तोंडाकडं मी बघितलं आणि मला नाक दिसलं. मधोमध उंचवटा, डावीकडं कल. दादाच झोपलेले जणू.

"तेच रे," मी म्हटलं. "दुसरं कुणाचं असणार?"

मग मांडवाला वाचा फुटली. मंचरच्या मावश्या, थोरांदळ्याच्या काकू, कधी बाळ न पाहिलेल्या बायकाही पुढं आल्या.

"नाक सासऱ्याचं हाय बया!"

"नाकच न्हवं, भिवया बगा की. आशाच उभ्या हायेत!"

"आन् हनुवटी तर लई करारी!"

महिन्याभराच्या पोरीची हनुवटी करारी. बारशात नावाआधी कुंची घालून वरवंटा फिरवतात ना, त्या दिवशी तो कुंडलिकला दाखवला असता तर वरवंट्यालाही भिवया उगवल्या असत्या. वृषाली कोपऱ्यात वहीत, बोलणाऱ्या प्रत्येकामागं एक, अशा भराभरा रेघा ओढत होती.

कुंडलिकनं बाळ उचललं. त्याला उचलता येत नव्हतं. कोकरू धरल्यासारखं काखेत धरलं. त्या धक्क्यानं बाळ जागं झालं आणि त्यानं कुंडलिकचं बोट मुठीत आवळलं.

"बगितलं का, वळखलं मला!" कुंडलिकच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आजाला वळखलं!"

"आजोबा, ते सगळीच बाळं करतात," वृषालीला राहवेना. "फार पूर्वी, माकडांसारखं आईच्या अंगावरच्या केसांना धरून..."

"माकड कुनाला म्हनती गं?"

"वृषाली, रेघा ओढ," मी म्हटलं.

पप्पू अजून जार धरूनच उभा होता. कुंडलिक त्याच्याकडं वळला. तीन वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघून बोलला.

"खाली ठिव तो जार, गाढवा. हातपाय गळतील. आन् तुज्या बायकोला म्हनावं सामान बांद. होळी बेल्ह्याला करायची."

पप्पूनं जार खाली ठेवला आणि तो तोंड फिरवून रडायला लागला. बयाबाई पदराआड रडायला लागली. आपली लेक कोण, नात कोण, हे बघायला त्या दोघांच्या डोळ्यांत जागाच नव्हती. तेवढ्यात नवसू मेंढरं दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आला आणि मांडवाच्या तोंडाशी थबकला. कुंडलिकच्या हातातल्या बाळाकडं बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"यावं, नवसूभाऊ," कुंडलिक म्हणाला. "आसं लांब का? तंबाखू काढा. आमची नात..."

त्याचं वाक्य तिथंच राहिलं. बाळानं पाय झाडले, कुंची वर सरकली आणि एक धार उठली. सरळ, उंच, चांगली हातभर. सदऱ्याच्या बटणांवरून चढत ती फेट्याच्या शेमल्यापर्यंत गेली.

 पोरगी असं करत नाही, एवढं शाळेत न गेलेल्या कुशाबाईंनाही माहीत होतं.

"आगं बया," त्याच म्हणाल्या, "हिची तर धार वर चालली!"

त्याच वेळी आतल्या दारातून प्रांजल बाहेर आली. तिच्या कडेवर दुसरी पिवळी कुंची होती.

कुंडलिक एवढा लाल झालेला मी आयुष्यात बघितला नव्हता. त्यानं बाळ मला दिलं, फेटा काढला, पिळला.

"चेष्टा करता व्हय माझी? बोलवून आनून? बेल्ह्यात तोंड दाखवायचं कसं मी? गोऱ्ह्याचा बाप वळखनारा मानूस, आन्..."

"इवाई, तसं काय न्हाई वो," रतनबाई चुलीपासून पळत आली, हातात पळी तशीच. "कुनी मुद्दाम न्हाई केलं."

"कुंडलिकराव, ऐका," नवसू म्हणाला.

"तुला दिसलं व्हतं!" कुंडलिक त्याच्यावर गेला. "तू बगितलंस आन् तोंड मिटलंस! बगितलंय मी!"

"दिसलं," नवसू शांतपणे म्हणाला. "शंभर कोकरांत मेंढी आपलं कोकरू वासावरनं काढती. मला बी सवय झालीया, कुंचीवरनं नाय फसत मी. पन तुमी पोराशी बोलत व्हता राव. म्हनलं, जरा येळ तरी बोलू द्या."

कुंडलिकनं ओला फेटा खांद्यावर टाकला. आणि तो निघाला. "बया, चल. गाडी काढा."

पप्पू वाटेतून बाजूला झाला. त्याच्या तोंडाकडं मी बघितलं आणि मला कळलं, आता मी बोलले नाही तर हा माणूस पुन्हा तीन वर्षं येणार नाही, आणि माझ्याकडं पुन्हा तीन वर्षं असतीलच असं नाही.

"कुंडलिक, थांब. ते नाक घराण्याचं नाही."

"काय बोलती?"

"दादांचं नाक जन्माचं नव्हतं. आजीनं मला सांगितलंय. लग्नाआधी बेल्ह्याच्या बाजारात एका बैलानं मान झटकली आणि शिंगाचं बूड बसलं. त्याआधी ते सरळ होतं."

"आन् माझं?" तो हात नाचवत म्हणाला. "मला कुनी शिंग मारलं का?"

 पासष्ट वर्षं सांभाळलेली गोष्ट होती ती.

"तुला मी पाडलं."

"कवा?"

"तू दीड वर्षाचा होतास. मी नऊ वर्षांची. आई रानात गेली होती आणि तुला कडेवर घेऊन मी लंगडी खेळत होते. तू जात्यावर पडलास, तोंडावर. नाक सुजून वांगं झालं. मी सगळ्यांना सांगितलं, मुंगळा चावला. सूज उतरली तर नाक वाकडं. मी चार दिवस गोठ्यात लपत होते. आता दादा मारणार. आणि पाचव्या दिवशी मावशी आली, तुला बघून म्हणाली, 'बाई गं, पोर बापावर गेलं की! नाक बघा!' मग सगळेच म्हणायला लागले. मी कशाला मध्ये बोलू?"

कुंडलिकनं हळूच आपल्या नाकावरून बोट फिरवलं. उंचवट्यापाशी थांबला.

"म्हंजी ह्ये घराण्याचं न्हाई. तुझं काम हाय."

"हो."

"आन् ह्या घराण्यापायी मी पप्पूला... तीन वर्सं..."

पहिल्यांदा नवसू हसला. हसू नये म्हणून त्यानं तंबाखूची पिशवी तोंडापुढं धरली, पण खांदे हलत होते. मग कुशाबाई. मग खुद्द बयाबाई, जी नवऱ्यापुढं कधी दात दाखवत नव्हती. कुंडलिकनं सगळ्यांकडं रागानं बघायचा प्रयत्न केला, पण डोक्याला फेटा नव्हता आणि सदऱ्यातून पाणी गळत होतं. अशा अवस्थेत माणसाला राग धरून ठेवता येत नाही.

तो प्रांजलपुढं जाऊन उभा राहिला. हात सदऱ्याला पुसले, मग तो सदराच ओला आहे हे ध्यानात येऊन धोतराला पुसले.

"दे हिकडं."

तिनं श्रेयाला दिलं. या वेळी त्यानं तिला नीट धरलं. बराच वेळ बघत राहिला. 

"सरळ हाय," कुंडलिक म्हणाला. "पाक सरळ. आपल्याकडचं काय न्हाई हिच्यात." आणि थोड्या वेळानं, "बरं झालं. अजून कुनी पाडली न्हाई."

मी जवळ सरकले, तसा तो मागं झाला.

"आक्के, तू लांब बस."

आणि तिला घेऊन तो पाळण्यापाशी गेला.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. होळीला श्रेया बेल्ह्याला गेली आणि दिवाळीपर्यंत अंगणात रांगायलाही लागली. प्रांजल मंचरला औषधांच्या दुकानात कामाला जाते, पप्पू चाकणला, आणि सुट्टीत पोरगी आजोबांकडं. नवसूची मेंढरं त्याच वर्षीपासून पुन्हा कुंडलिकच्या वावरात बसायला लागली. आता दोघं एका ताटात जेवतात. नवसू फार भरभर जेवतो, अशी कुंडलिकची तक्रार आहे.

कुशाबाई पुढच्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत त्यांचं म्हणणं एकच होतं, पाळणा रिकामा नव्हता ना, मग माझं काय चुकलं? स्वराज बालवाडीत जातो. कुंडलिक त्याला प्रत्येक भेटीत पेढा देतो, पण हात लांब करून. रतनबाई आता कुंच्या वेगवेगळ्या रंगाच्या शिवते.

वृषालीच्या वहीत त्या दिवशी बत्तीस रेघा झाल्या. बत्तिसाच्या बत्तीस जणांनी दुसऱ्याच्याच पोरात सासऱ्याचं नाक पाहिलं. तिच्या सरांना वाटलं, वैतागून पोरीनं घरी बसून भरल्या असतील. आपल्या घरची माणसं अभ्यासात घ्यायची नाहीत, असं ते म्हणाले. तिनं पुढं दुसरीकडं जाऊन पुन्हा मोजलं आणि ती आता कॉलेजात शिकवते. त्यातली पहिली रेघ माझी होती, हे तिनं मला अजून माफ केलेलं नाही.

बयाबाई आता फोन ओट्यावर बसून करते.

कुंडलिक बाजारात अजून वळू ओळखतो, मात्र हल्ली आधी जनावराच्या मालकाला विचारतो.

आणि मी. गेल्या दिवाळीत बेल्ह्याला गेले होते. संध्याकाळी श्रेया पडवीत दिव्यापाशी चित्र काढत बसली होती, मान एका बाजूला कललेली. कुंडलिक मला म्हणाला, "आक्के, लांबूनच बग, पन बग. आसं तिरपं बगितलं की वाटतं का न्हाई थोडं?"

त्याचं नाक कुणी मोडलं ते त्याला माहीत होतं, मला तर होतंच. तरी मी बघितलं.

आणि काय सांगू, दादाच बसले होते.